स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाचं डायलिसिस : केंद्र म्हणतंय, दुसरीकडे बघा

निरगुडी

नमस्कार मंडळी. दादाविषयी विचारायचं आहे. वय ४८. कॉलेजात असताना स्किझोफ्रेनिया सुरू झाला. क्लोझापिन या गोळीवर बरीच वर्षं स्थिर आहे. पेपर वाचतो, दळण आणतो, गच्चीतल्या कुंड्यांचं सगळं तोच बघतो. मधुमेह मात्र मागे लागला आणि त्यात किडन्या गेल्या. या उन्हाळ्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू आहे, सध्या मानेतल्या नळीतून.

पहिले दोन तास शांत असतो. मग चुळबुळ सुरू होते, "सोडा मला" म्हणतो, उठून बसतो. मशीन आपलं रक्त वाचतं आणि माहिती कुठेतरी पाठवतं असं त्याला वाटतं. गेल्या आठवड्यात नळीला हात घातला. सिस्टरांनी धरला म्हणून निभावलं. आता केंद्राने सांगितलंय की असंच होणार असेल तर दुसरीकडे सोय बघा. दुसऱ्या ठिकाणी फोन केला, तर जागा आहे म्हणाले. आजार सांगितल्यावर जागा नाही म्हणाले.

किडनीचे डॉक्टर म्हणतात मानसोपचारवाल्यांना विचारा, ते म्हणतात किडनीवाल्यांना विचारा. आईचं वय झालंय, माझी रजा संपत आली आहे.

असं कुणाच्या घरी झालंय का? केंद्र असं नाकारू शकतं का? आणि झोपेचं इंजेक्शन देऊन डायलिसिस करून घेणं बरोबर आहे का?

पाणकणीस

माझ्या मावशीला बायपोलर होता आणि शेवटची काही वर्षं डायलिसिस. रात्री सविस्तर लिहिते. एवढंच सांगते की हे जमतं. धीर सोडू नका.

बायकार्बोनेट

ताई, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, कोल्हापूर भागात. आधी एक विचारतो. दोन तासांनी चुळबुळ सुरू होते तेव्हा कुणी बीपी बघतं का? साखर बघतं का?

बऱ्याचदा असं होतं की पेशंट मानसिक आजाराचा आहे म्हटलं की त्याची प्रत्येक हालचाल त्याच खात्यात जाते. पण दोन तासांनंतरची अस्वस्थता आमच्याकडे रोज दिसते, आजार नसलेल्यांनाही. बीपी उतरतं, घाम येतो, जीव घाबरतो, पोटरीत गोळे येतात. दुसरा माणूस "सिस्टर, गरगरतंय" म्हणतो. तुमचे दादा "सोडा मला" म्हणत असतील. मधुमेही असतील तर साखरही उतरू शकते. कधी नुसती लघवीला लागलेली असते आणि सांगायचा संकोच असतो.

दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढतं तेही लिहा. वजनाच्या दर किलोमागे तासाला १३ मिलिलिटरपेक्षा जास्त वेगाने पाणी ओढू नये असा साधारण संकेत आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाचं चार तासांत तीन लिटरच्या आसपास. चार-पाच लिटर ओढायला गेलं की कुणीही उठून बसेल.

बाकी आमच्याकडे जे उपयोगी पडतं ते असं. शक्यतो पहिली शिफ्ट घ्या, कारण बाहेर ताटकळत बसलं की निम्मा धीर तिथेच संपतो. दर वेळी तेच मशीन, तीच जागा, शक्यतो भिंतीकडची. लावणारा माणूसही तोच. आणि अलार्म! मशीन मधेच ओरडायला लागलं, तीन जण धावत आले, तर ज्याला आधीच संशय आहे त्याचं काय होईल? रिकाम्या मशीनवर अलार्म वाजवून दाखवा, कशाने वाजतो ते सांगा. रक्त कुठल्या नळीतून जातं आणि कुठल्या नळीतून परत येतं ते बोट लावून दाखवा. परत येतं हे बघितल्यावर पुष्कळ फरक पडतो.

रोखठोक

राग मानू नका, पण केंद्राची बाजूही बघायला हवी. एक टेक्निशियन तीन-चार मशीन सांभाळतो. मानेतली नळी ओढली गेली तर रक्तस्राव होतो, हवा आत गेली तर जीव जाऊ शकतो. शेजारच्या खुर्चीवरचे पेशंटही आजारी आहेत, त्यांचं बीपी अशा प्रसंगात वर-खाली होतं. माझे वडील तिथे बसायचे, म्हणून सांगतो. माणुसकी हवीच, पण सुरक्षिततेचं काय?

बायकार्बोनेट

रोखठोक, धोका खरा आहे. म्हणून तर तयारी करायची. नळी बाहेर कमी लोंबेल असं ड्रेसिंग, पुढून उघडणारा शर्ट, रक्ताच्या नळ्या दंडाच्या बाजूने नीट चिकटवलेल्या, पहिले काही दिवस शेजारी घरचं एक माणूस. डिमेन्शियाचे म्हातारे पेशंट नळी ओढतात, त्यांना आपण दुसरीकडे जा म्हणत नाही. एवढंच माझं म्हणणं.

औदुंबर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. पेशंट न बघता औषध सांगणार नाही, पण दोन्ही डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहितो.

पहिलं, क्लोझापिन. हे औषध स्वतःच बीपी उतरवतं, विशेषतः उठून बसताना. डायलिसिसच्या सकाळी डोस असेल तर तो रात्री हलवता येतो का ते विचारा. क्लोझापिन सलग ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं तर जुन्या डोसवर एकदम सुरू करत नाहीत, अगदी थोड्यापासून चढवतात. किडनीचा पेशंट आयसीयूत जातो, तिथे "मानसिक गोळ्या नंतर बघू" होतं, आणि चार दिवसांनी घरचे पूर्ण गोळी देतात. हे धोक्याचं आहे. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फाइलला लावा. दादा बिडी-सिगारेट ओढत असतील आणि ती अचानक बंद झाली तर रक्तातलं क्लोझापिन वाढतं, हेही सांगा.

दुसरं, बद्धकोष्ठता. क्लोझापिनने होते, पाणी कमी केल्याने वाढते. किडनी नसताना थोडंफार पोटॅशियम शौचावाटेच बाहेर जातं, म्हणून पोट साफ असणं इथे दुप्पट महत्त्वाचं.

तिसरं, इंजेक्शन. महिन्याचं इंजेक्शन घेणारे पुष्कळ असतात. त्यातलं पॅलिपेरिडोन किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी निकामी असताना ते टाळतात. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात, त्यामुळे स्नायूतलं कुठलंही इंजेक्शन डायलिसिस नसलेल्या दिवशी घ्यावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : नव्याने गोंधळ, झोपाळूपणा, भलतंच बोलणं सुरू झालं तर "आजार उसळला" असं घरी ठरवू नका. डायलिसिस चुकलं, युरिया वाढला, सोडियम उतरलं, इन्फेक्शन झालं, तरी हेच दिसतं. मानेत नळी असताना थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही दुखण्यासाठी सर्रास लिहिली जाणारी औषधं डायलिसिसच्या पेशंटला भ्रमात टाकू शकतात. अशी माणसं मनोरुग्ण म्हणून आमच्याकडे पाठवलेली मी पाहिली आहेत.

निरगुडी

औदुंबर, बायकार्बोनेट, खूप आभार. वजन प्रत्येक वेळी साडेतीन-चार किलो वाढलेलं असतं. गोळी सकाळीच देतो. बीपी सुरुवातीला आणि शेवटी घेतात, मधे घेतलेलं मी पाहिलेलं नाही. उद्याच विचारते.

पाणी हा तर रोजचा वाद आहे. तांब्या लपवला तर तो बाथरूमच्या नळाचं पितो.

तिसरी_पाळी

निरगुडीताई, मी पेशंटच्या बाजूने लिहितो. मला स्किझोअफेक्टिव्ह आजार आहे आणि मी डायलिसिसवर आहे. दोन्ही.

तांब्या लपवू नका. लपवला की संशय खरा ठरतो. माझी बहीण सकाळी एक बाटली भरून माझ्या हातात देते. दिवसभर औषधाला, चहाला, तहानेला त्यातूनच. संपली की संपली, पण बाटली माझी आणि हिशोब माझा. डॉक्टरांनी मला लघवी होते तितकं अधिक अर्धा लिटर असं सांगितलंय. बर्फाचा एक खडा तोंडात धरला की घोटभर पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. लोणचं-पापड बंद केल्यावर तहान निम्म्याने कमी झाली.

मशीनविषयी. तुमच्या दादांना जे वाटतं ते मलाही वाटायचं. "असं काही नसतं" हे मला शंभर जणांनी सांगितलं. उपयोग शून्य. एका टेक्निशियनने वाद न घालता विचारलं, "काय बघितल्यावर तुम्हाला बरं वाटेल?" मी म्हटलं, मशीनची मागची बाजू. त्याने दाखवली. पाण्याची नळी, निचऱ्याची नळी, वायर एकच, विजेची. माझा विश्वास पूर्ण बसला असं नाही, पण तो माणूस माझ्यापासून काही लपवत नाही एवढं कळलं. तेवढ्यावर मी चार तास बसू शकतो.

आवाज मला अजून ऐकू येतात. सिस्टरांना सांगून ठेवलंय, अलार्म वाजला की तो मशीनचा आहे एवढं सांगत जा. त्या प्रत्येक अलार्मला "मशीनचा!" असं मोठ्याने सांगतात. आता शेजारचे आजोबाही "मशीनचा!" म्हणून पुकारा करतात. अख्खी शिफ्ट हसते.

पाणकणीस

तिसरी_पाळी, तुमचा प्रतिसाद आमच्या घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

आता मावशीचं. ती पंचवीसेक वर्षं लिथियमवर होती, बायपोलरसाठीच्या गोळीवर. लिथियमने तिचा संसार टिकला, नोकरी टिकली, हे आधी सांगते. पण दीर्घकाळ घेतल्यावर काहींच्या किडनीवर परिणाम होतो, म्हणून रक्तातली लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि थायरॉईड दर सहा महिन्यांनी बघायचं असतं. गावात बदली झाली, जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवून गोळ्या मिळत राहिल्या, तपासण्या राहून गेल्या. गुडघेदुखीला वेदनाशामक गोळ्या घ्यायची, त्यांनी लिथियम आणखी वाढतं हे कुणी सांगितलं नव्हतं. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी लिथियम चालू असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नका, पण शेवटचं क्रिएटिनिन कधी केलं ते आजच फाइलमध्ये बघा.

डायलिसिस सुरू झाल्यावर लिथियम बदलावं की ठेवावं यावर दोन डॉक्टर पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, तेही माझ्या फोनवरून, स्पीकर लावून. निरगुडी, तुम्हीही हेच करा. चिठ्ठ्यांवर काही होत नाही.

जुनीपाने

थोडं अवांतर, पण वाचण्यासारखं आहे. एके काळी स्किझोफ्रेनियावर उपचार म्हणूनच डायलिसिस करून पाहिलं होतं! अमेरिकेत १९७७ मध्ये वेजमेकर आणि केड या डॉक्टरांनी निबंध छापला की डायलिसिसने काही रुग्ण सुधारले. रक्तातलं काहीतरी घातक द्रव्य निघून जातं अशी कल्पना. (हे केड म्हणजे गेटोरेड पेय शोधणारे रॉबर्ट केड.) पुढे खरं आणि खोटं डायलिसिस अशी तुलना केल्यावर काही फायदा दिसला नाही आणि १९८० च्या दशकात ते मागे पडलं.

त्याआधीचं अधिक महत्त्वाचं. १९६० मध्ये सिएटलला स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी नळी शोधली, त्यामुळे दीर्घकाळ डायलिसिस शक्य झालं. मशीनं मोजकी, पेशंट पुष्कळ. मग कुणाला मशीन द्यायचं हे ठरवायला सामान्य नागरिकांची समिती बसवली. उत्पन्न, लग्न, शिक्षण, मनाचा स्थिरपणा असं सगळं ती बघायची. १९६२ मध्ये लाइफ मासिकात हे छापून आलं आणि गदारोळ झाला. १९७२ मध्ये अमेरिकी सरकारने कायदा करून डायलिसिसचा खर्च उचलला.

रोखठोक

जुनीपाने, म्हणजे "मन स्थिर नाही, मशीन नाही" हे साठ वर्षांपूर्वीही झालंय. हे वाचून मी जरा थांबलो. माझा मुद्दा सोडत नाही, केंद्राला माणसं कमी पडतात. पण मग मागणी जास्त माणसांची करायला हवी, पेशंट कमी करण्याची नव्हे.

स्टॅम्पपेपर

वकील आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २१ : मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सर्व आरोग्यसेवांत शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच समान वागणूक द्यायची. केवळ आजाराचं नाव ऐकून जागा नाही म्हणणं यात बसत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत मानसिक आजार येतो, आणि त्याच्या कलम २५ मध्ये उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. दादांचं युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर काढा.

पण लगेच नोटीस नको. ज्या सिस्टरने उद्या सुई लावायची तिच्याशी भांडण परवडत नाही. आधी केंद्राच्या प्रमुखाला एक लेखी पत्र : आजार हा, औषधं ही, मानसोपचार डॉक्टरांचं स्थिर असल्याचं पत्र सोबत, शेजारी बसायला आमचं माणूस येईल, आणि अडचण वाटल्यास कारण लेखी द्यावं. नाकारण्याचं कारण लेखी मागितलं की सूर बदलतो. नाहीच झालं तर पुण्याचं दिव्यांग आयुक्त कार्यालय आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायद्यात साध्या कागदावर सहीने किंवा अंगठ्याने नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारं आपल्या पसंतीचं माणूस, नेमता येतो. दादा बरे असताना त्यांच्या पसंतीचं नाव लिहून घ्या.

घाटमाथा

खर्चाचं कुणी बोललं नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. जिल्हा रुग्णालयांत प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत. एसटीतही डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे, डेपोत चौकशी करा.

शेवग्याचीशेंग

पोटातून घरच्या घरी करायचं डायलिसिस का नाही? सीएपीडी? मशीन नाही, अलार्म नाही, सुई नाही.

औदुंबर

विचार करण्यासारखं आहे, काही जणांना छान जमतं. पण पिशव्या दिवसातून तीन-चार वेळा बदलायच्या, प्रत्येक वेळी हात धुऊन, स्वच्छता पाळून. जंतू गेला तर पोटात इन्फेक्शन होतं. ते काम निरगुडीताई आणि वयस्क आईवर पडणार. क्लोझापिनची बद्धकोष्ठता पोटातल्या नळीला त्रास देते. आणि पोटातल्या नळीबद्दलही संशय येऊ शकतो. दादांना दोन्ही दाखवून त्यांनाच विचारा.

वाफाळता_चहा

सगळे प्रेमाने लिहितायत, पण कुणी तिसऱ्या प्रश्नाला हात लावत नाही. झोपेचं इंजेक्शन देऊन करायचं का? आणि तो नकोच म्हणाला तर?

औदुंबर

काही निवडक पेशंटना डायलिसिसपूर्वी शांत करणारी हलकी गोळी देतात, दोन्ही डॉक्टरांनी ठरवून. पण दर वेळी गाढ झोपवणं नको. बीपी उतरतं, श्वास मंदावतो, आणि छातीत दुखलं तरी पेशंट सांगू शकत नाही. हात बांधणं तर अगदी शेवटचा उपाय, तातडीच्या धोक्यात, थोड्या वेळापुरता. एकदा बांधलेला माणूस पुढच्या वेळी केंद्राच्या पायरीवरच अडतो.

टेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये रीनल (किडनी विभागातली) नर्स आहे. नकार कुठून येतो ते बघावं लागतं. "मशीन माझे विचार चोरतं" म्हणून नको, आणि "मला कळतंय की थांबवलं तर मी जाईन, तरी मला हे आयुष्य नको", हे दोन वेगळे नकार आहेत. पहिल्यात आजारावर उपचार करून पुन्हा विचारायचं. दुसरं मनोरुग्णाच्या तोंडून आलं म्हणून ते भ्रमच, असं धरायचं नाही. इथे २०१५ मध्ये एका बाईने डायलिसिस नाकारलं, प्रकरण न्यायालयात गेलं. निर्णय इतरांना पटो न पटो, ठरवण्याची क्षमता तिच्याकडे आहे असं न्यायाधीशांनी म्हटलं.

पाणकणीस

हे लिहायला जड जातंय. मावशीने शेवटी थांबवायला सांगितलं. तेव्हा ती उदास नव्हती, तिच्या मानसोपचार डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या दिवशी तिच्याशी निवांत बोलून खात्री केली. घरात मोठा वाद झाला. एक मामा अजून म्हणतो, तिला बरं-वाईट कळत नव्हतं. मला वाटतं, आम्हा सगळ्यांपेक्षा तिला जास्त कळत होतं. थांबवल्यावर धाप आणि खाज यांवर औषधं चालू होती, डॉक्टर घरी येत होते.

रोखठोक

पाणकणीस, तुमच्या मावशीला नमस्कार.

निरगुडी

मधे लिहायला झालं नाही. दोन्ही डॉक्टरांना स्पीकरवर एकत्र आणलं. गोळी रात्री गेली. चुळबुळ सुरू झाल्यावर सिस्टरांनी बीपी घेतलं तर वरचं ८८. पाणी ओढायचा वेग कमी केला. लिहून दिलेल्या पत्रावर केंद्राने महिनाभर बघू म्हटलंय. कालही तो एकदा उठला, पण नळीला हात नाही लावला. मशीनची मागची बाजू बघायची आहे का विचारलं, तर म्हणाला, "पुढच्या वेळी बघीन." बाटली सुरू केली, पण पहिल्या दिवशी दुपारीच संपवली आणि आमचं भांडण झालं.

आता मानेतल्या नळीऐवजी हातात फिस्टुला, म्हणजे शिरेचा आणि धमनीचा जोड, करायचा म्हणतायत. त्यातली थरथर त्याला सहन होईल का याची भीती वाटते. काहीतरी बसवलंय असं त्याला वाटलं तर?

तिसरी_पाळी

अगदी बरोबर भीती आहे. मला तसंच वाटलं होतं. ऑपरेशनच्या आधी दुसऱ्या कुणाच्या फिस्टुलावर हात ठेवू द्या. डॉक्टरांच्या नव्हे, पेशंटच्या. त्याला बोलू द्या. तुमच्या गावाजवळ कुणी नसेल तर मला निरोप पाठवा, मी व्हिडिओ कॉलवर माझा हात दाखवतो, दादांना जे विचारायचं ते विचारू दे. बाटलीचं भांडण आमच्याकडेही बरेच दिवस चाललं.

बायकार्बोनेट

ताई, शिरेचा आणि धमनीचा जोड आहे, रक्त जोरात जातं म्हणून थरथरतं, बाहेरचं काही बसवलेलं नसतं, हे सर्जनकडून दादांसमोर चित्र काढून घ्या. कुठल्या हातावर करणार ते आत्ताच विचारा आणि त्या हातातून रक्त काढणं, सलाइन, बीपी आजपासूनच बंद. क्लोझापिनसाठी रक्त तपासायला जाता तिथेही सांगा, दुसरा हात. फिस्टुला तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर मानेतली नळी राहील, तिचं ड्रेसिंग ओलं होऊ देऊ नका. थरथर रोज सकाळी दादांनाच बघायला सांगा. लागली नाही तर त्याच दिवशी केंद्राला फोन करायचा.